अकरावी सायन्सच्या फीडबॅक फॉर्मची मोहीम

"सर, वर नाव लिहायचं आणि खाली खरं लिहायचं, दोन्ही एकदम कसं जमणार?"

हा सवाल शके एकोणीसशे सत्तेचाळीस, भाद्रपदमासी, गणपती गावी गेल्यावर, उल्हासनगरच्या एका महाविद्यालयी, अकरावी सायन्सच्या भर दरबारात, बदलापूर गावच्या राजसीबाईंनी केला, त्याची हकीकत ऐसी.

कॉलेजची तपासणी नजीक आली आणि 'वर्गातील वातावरण कैसे?' ऐसा छापील खलिता वर्गोवर्गी रवाना जाहला. फिजिक्सचे सरदार अवधूत सर बहुत विद्वान, परंतु कोणी मराठीत शंका पुसली की हसत, आणि मग अवघा वर्ग हसे. राजसीबाई मराठी शाळेच्या. दोन वेळा हसे जाहले आणि मग तोंडास कुलूप पडले, आणि सोमवारी सायन्स सोडून आर्ट्सचा अर्ज द्यावा ऐसे घरी मुक्रर जाहले.

अवधूत सरांच्या हातून खलिता येताच रिवाजाप्रमाणे हुशार हितेशरावांचा फॉर्म जर्नलासारखा मागे फिरला आणि सर्वांनी हुबेहूब उतरविला. जागोजाग 'उत्तम', आणि सूचनेच्या रकान्यात 'मी पहिल्या बाकावर बसतो, सर्व नीट ऐकू येते.' राजसीबाईंचे पेन मात्र अडले. तों शेजारच्या करिष्माबाईंनी कोपर मारिले, "खरं लिहायचंय ना? दम है तो सर को पूछ!" मागल्या बाकावरून भावनाबाई वदल्या, "ही कसली विचारते! हिचा आवाज फक्त कॅन्टीनमध्ये." मग राजसीबाई उठल्या आणि सवाल सुटला.

सरांनी जमलेला गठ्ठा चाळिला, साठांपैकी एकोणसाठ असामी पहिल्या बाकावर बसलेल्या पाहिल्या, आणि हसले नाहीत. हुकूम जाहला की फॉर्म फिरून भरावे, नाव घालू नये, कोणी कोणाचे उतरवू नये.

दुसरे दिवशी सर नवे फॉर्म वाचून पडल्या चेहऱ्याने आले आणि फर्माविले की मराठीत, हिंदीत, जैसे सुचेल तैसे पुसावे. हसणारा बाहेर उभा राहील, अंमल प्रथम आम्हांपासून. तों पहिला हात हितेशरावांचा! "सर, मागचा अख्खा चॅप्टर डोक्यावरून गेलाय." दुसरा हात राजसीबाईंचा. शंका तीन, हशा शून्य. फत्ते जाहली, गडबडीत भावनाबाईंची पाण्याची बाटली लवंडली, याउपर नुकसान नाही.

सायंकाळी बदलापुरी आईबाबा अर्ज भरीत होते, तेथे राजसीबाईंनी पेन काढून घेतले आणि जाहीर केले, "बाबा, सोमवारी सुट्टी टाकू नका. आर्ट्स कॅन्सल. मी सायन्सलाच बसणार, आणि आता खरोखर पहिल्या बाकावर."