सहावी टाकीवाली

आमच्या शेजारचे गजभियेजी कोणाच्याही घरून निघताना पाठ फिरवत नसत. तोंड आपल्याकडंच ठेवून एकेक पाऊल मागं टाकायचे, टाचेनं उंबरठा चाचपायचे आणि तसेच बाहेर पडायचे. आता तुम्हीच सांगा, भल्या माणसाला असं निघायची काय गरज? चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मी नुकताच मास्तर म्हणून पांढुर्ण्याला आलो होतो. पहिल्या दिवशी ते गेल्यावर मी घरातली भांडी मोजून पाहिली.

बायको म्हणाली, मोजता काय, विचारा नं. विचारलं, तर म्हणाले, "टाकीवाल्या इंजिनाले वळा लागत नाही, मास्तर."

गजभियेजी छोट्या लाइनीवरचे, म्हणजे नॅरोगेजचे, रिटायर डायवर. मोठ्या इंजिनाच्या मागं कोळशा-पाण्याचा वेगळा डबा असतो, म्हणून परत यायचं तर त्याला फिरवून घ्यावं लागतं. टाकीवाल्याचं पाणी त्याच्या दोन्ही कुशींना, लोखंडी टाक्यांत. पुढं न्या, मागं न्या, त्याला सारखंच. अशी एकाच जातीची सहा इंजिनं आपल्या लाइनीवर होती आणि त्यांचा इतिहास गजभियेजी एका जाड रजिस्टरात लिहून राहिले होते. विलायतेहून पेट्यांत भरून कशी आली, कोणी जोडली, कोणती किती वर्षं चालली, सारं. पहिल्या दोन टाकीवाल्या दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच मोडीत गेल्या. तिसरी पुलाजवळ कलंडली, ती पुन्हा उठलीच नाही. चौथीचा बॉयलर एका जिनात कापसाच्या कामी लागला. पाचवी त्यांच्या डोळ्यांदेखत गॅसनं कापली. सहावीचं पान कोरं होतं.

कागदपत्रात तीही कापलेली होती. पण गजभियेजींचा कागदावर विश्वास नव्हता. "कागद काय, कोनी बी लिहिते," हे त्यांचं पालुपद. खिशात एक लहान हातोडी असे. लोखंड दिसलं की ती काढायचे, ठण्‌ करून वाजवायचे आणि मान कलती करून ऐकायचे. माझं फाटक वाजवलं, पोस्टाची पेटी वाजवली. किराणावाला तर त्यांना पाहिलं की वजनं पोत्याखाली सारायचा. कुठंतरी पाणी मुरतंय, हे माझं मत पक्कं होत चाललं होतं.

एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, बोरगावला तुमच्या दादाच्या संत्र्याच्या बागेत लोखंडी टाकी हाय म्हणते.

मी कप खाली ठेवला. टाकी होती. बाबांनी ती कोण्या भंगारवाल्याकडून घेतलेली, पावतीबिवती काही नाही. मला वाटलं, झालं, रेल्वेचा माल जप्त करायला या म्हाताऱ्याला कोणीतरी मागं सोडलेला दिसतो. चोराच्या मनात चांदणं. मी म्हणालो, छे, सिमेंटची आहे. ते हो म्हणाले आणि माझ्यावरची नजर न काढता उलटे निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात दादाचा निरोप आला, कोणी म्हातारा बसनं सौंसरला उतरून पायी बागेवर आला होता, कुंपणावरूनच हाकलला. इकडं गजभियेजी तापानं फणफणलेले. बायको म्हणाली, तुमच्या खोट्यापायी म्हातारा आजारी पडला. शेवटी मी ठरवलं, त्यांना आपणच बागेवर न्यावं आणि डोळ्यांत तेल घालून पाहावं, हा करतो काय.

टाकी बागेत दगडांवर बसवलेली होती. खालच्या अंगाला पितळी तोटी, तोटीला कुलूप, किल्ली दादाच्या करदोड्याला. मजूर पाणी सांडतात, असं दादाचं म्हणणं. संत्री तोडणाऱ्या बाया आपलं पाणी घरून आणत.

गजभियेजींनी टाकी तीनदा वाजवली. कान लावला. मग तोटीपाशी मातीतच बसले. मी वाट पाहत होतो, आता खिशातून जप्तीचा कागद निघतो.

"इंजिनाच्या टाकीले इथं तोटी नसते, मास्तर. ही मी बसवली," ते म्हणाले. "आमच्या वस्तीले गावच्या विहिरीवर पानी भरू देत नव्हते. मी रोज वस्तीपाशी दोन मिनिटं गाडी थांबवो. डायरीत लिहो, गाय आडवी आली."

रोज एकाच जागी गाय कशी येते, असा साहेबांनाही संशय आला होता. चौकशी झाली, बढती अडकली. तोटी मात्र कोणाच्या नजरेस पडली नाही.

"माही माय पन यायची. तिले जलमभर लोकायनं वरून ओंजळीत पानी ओतलं. इथं तिनं आपल्या हातानं तोटी फिरवली. घागर भरून गेली तरी फिरवतच राहे."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. या माणसाच्या भीतीनं मी घरची भांडी मोजली होती.

त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं, कोरं पान उघडून माझ्या हाती दिलं. म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं हाय, लिहा. सहा नंबर. कापली नाही. बोरगावच्या बागेत हाय.

मी लिहिलं.

"अन्‌ लिहा, कोनाले बी पानी देऊन राहिली."

कुलूप त्यांच्या बोटांखालीच होतं. ते त्याच्याकडं पाहत नव्हते, माझ्याकडं पाहत होते. पेन तिथंच थांबलं.

मी मागं उभ्या असलेल्या दादाला किल्ली मागितली. तो म्हणाला, काहून? मी म्हणालो, मग खोटं लिहू काय? दादानं करदोड्याची किल्ली सोडून स्वतःच कुलूप काढलं आणि तो झाडांकडं निघून गेला.

बाया टोपल्या घेऊन लांबून पाहत होत्या, जवळ कोणी येईना. गजभियेजी तोटीपासून बाजूला सरले आणि त्यांतल्या एका म्हातारीला त्यांनी हात केला.

"ये वो माय," ते म्हणाले, "तूच फिरव."

म्हातारी आली. पाणी सुरू झाल्यावर मी शेवटची ओळ लिहिली.