हाड असलेला कीबोर्ड

आमच्या वरच्या मजल्यावरचे परबकाका कुठलीही वस्तू आधी उचलून बघतात आणि मग निकाल देतात, "हेका हाड नाय!" मोबाइलला हाड नाही, हल्लीच्या पावाला हाड नाही, नाहूरमध्ये उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरला तर नाहीच नाही. माझा नवा सोफा त्यांनी एका हाताने कडेला धरून उचलला, तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो. सोफ्यालाही नव्हतं.

अशा माणसाला अखेर हाड सापडलं ते मानखुर्दच्या एका भंगारवाल्याकडे. काँप्युटरचा जुनापुराणा कीबोर्ड. लिफ्ट बंद होती. काका एका पायावर भार देत, तो छातीशी धरून जिना चढत होते. मी गुडघ्याची चौकशी केली तर माझ्यावरच खेकसले आणि ते धूड माझ्या हातात दिलं. हात खाली गेला.

"बघ! खाली लोखंडी पत्रो, प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग. हेका म्हणतत हाड!"

"पण काका, तुम्हाला टायपिंग कुठे येतं?"

"तुका काय करूचां आसा?"

झालं! त्या दिवसापासून आमच्या दुपारची वाट लागली. मी घरून काम करतो. इकडे साहेब मला झापत असायचे आणि डोक्यावर खाड, खाड, खाड! काका एकेक बटण शंभर-शंभरदा दाबून तपासत होते. दुरुस्तीवाल्याने जुनी पिन नव्या काँप्युटरला बसत नाही म्हटलं, तर काका तिथेच ठिय्या देऊन बसले. मधला जोड मिळाला तेव्हाच उठले.

मग सगळी बटणं उपटून साबणाच्या पाण्यात धुतली आणि गच्चीवर वाळत घातली. कशात? तर ज्या सुपात आदल्या दिवशीपर्यंत सोडे वाळत होते, त्यात. मालवणी माणसाच्या घरात सूप एकच आणि त्याला बारा महिने कोलंबीचा वास. कावळा काय करणार! त्याने एक बटण उचललं आणि गेला.

"मेल्या!" काका गच्चीवरून अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असे ओरडत होते, "एवढ्या बटणांत तुका 'जे'च गावलां?"

पुढचे आठ दिवस ते दिसेल त्या कावळ्याशी भांडले. मानखुर्दला दोन खेपा झाल्या. मी वैतागून म्हटलं, "कडेच्या आकड्यांतलं एखादं बसवा की! कोण बघतंय?"

"तेका पुळी नाय!" काका कडाडले.

पुळी? आता मात्र हद्द झाली. सोसायटीला द्यायला मी कडक शब्दांत अर्ज लिहिला आणि आधी तोंडावर सुनावावं म्हणून वर गेलो.

दार काकांनी उघडलं. आत टेबलाशी काकू बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून मी त्यांना खिडकीशी गप्प बसलेलंच पाहिलं होतं. आता त्यांच्यासमोर तो कीबोर्ड होता आणि दहाही बोटं धावत होती.

"बत्तीस वर्षां हापिसात टायपिस्ट होती," काका म्हणाले. "मोबाइलच्या काचेवर बोटाक काय गावतला? काय्येक नाय."

मग त्यांनी मला बोटाने दाखवलं. 'एफ'वर आणि 'जे'वर एक बारीकसा उंचवटा असतो, तीच काकांची पुळी. तो लागला की न बघता टाइप करणाऱ्याला बाकीची अक्षरं आपोआप सापडतात. इतकी वर्षं मी कीबोर्ड बडवतोय, मला ठाऊकच नव्हतं. 'जे'च्या जागी आकड्याचं बटण होतं आणि त्यावर गोंदाने चिकटवलेला तांदळाचा दाणा.

"उकडो तांदूळ. बासमती लावून बघलंय. तेका हाड नाय."

मी अर्ज खिशातच ठेवला. मला स्वतःची लाज वाटली.

काकू लंडनच्या लेकीला ईमेल लिहीत होत्या, इंग्रजी अक्षरांत मराठी. आजवर त्या सांगायच्या आणि काका एका बोटाने मोबाइलवर लिहायचे.

"चश्मो खंय ठेवलंय कोण जाणे," काका पुटपुटले. "वाच रे, काय लिवल्यान?"

मी वाचलं. 'आज मीच लिहिते आहे. बाबा बरे आहेत असं तुला दर वेळी येतं, ते मी सांगितलेलं नसतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वीच सांगितलंय. मला घरात एकटं ठेवायचं नाही म्हणून ते करून घेत नाहीत. तू ये.'

काकांचा चेहरा लालबुंद झाला. आता ओरडणार म्हणून मी सावरून उभा राहिलो. पण ते खुर्चीच्या पाठीला धरून नुसते उभे राहिले.

"ह्यां पुसूक येता काय रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही येत," मी म्हणालो आणि वाकून पत्र पाठवून दिलं.