दर पाच हजाराला

आमच्या वडगावच्या गल्लीत कुणी नवी गाडी घेतली की शेजारी पेढे मागतात. कल्लाप्पाण्णा बॉनेट उघडायला सांगतात. आत वाकून इंजिनाला कान देतात आणि मालकाला विचारतात, "प्लग कधी बदलणार?" गाडी शोरूममधून येऊन जेमतेम तास झालेला असतो.

अण्णा माझे शेजारी. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले, मूळ खानापूरकडच्या एका खेड्यातले. त्यांची स्वतःची गाडी जुनी, पेट्रोलवरची. तिचे चारही स्पार्क प्लग ते दर पाच हजार किलोमीटरला बदलतात. मी एकदा त्यांना गाडीचं पुस्तक दाखवलं. त्यात चाळीस हजार लिहिलंय. अण्णांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "मास्तर, हे लिवणारा कधी आपल्या रस्त्यानं गेलता काय?"

प्लग म्हणजे त्यांच्या मते गाडीची जीभ. "डॉक्टर आदी जीभच बघतोय न्हाय? तांबूस असली की तब्येत बरी. काळी पडली की पोटात बिघाड." आमच्या गल्लीतल्या एका वरातीत त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी थांबवली होती. तिसरा सिलेंडर चुकतोय, असं त्यांचं म्हणणं. बॉनेटवरची फुलं उतरवली, बँडवाले थांबले, सासरा चिडला. तिसराच प्लग काळाकुट्ट निघाला. तेव्हापासून गल्लीत अण्णांना हसतात, पण हळू.

पाच हजार भरत आले की अण्णांना चैन पडत नाही. मग आकडा पुरा करायला ते वाट्टेल तिथं जातात. एकदा दीडशे कमी पडत होते, तर तीन दिवसांत दोनदा बायकोला, आमच्या आक्कांना, घेऊन दही आणायला नंदगडला गेले. "वडगावात दही इरजत न्हाईत जणू," आक्का मला म्हणाल्या आणि मुकाट्यानं गाडीत बसल्या.

यातली एक गोष्ट मला कळत नव्हती. जवळच उद्यमबागेत एक गॅरेज आहे. अण्णा मात्र प्लग बदलायला पार निपाणीला जायचे. विचारलं की म्हणायचे, "तितला मिस्त्री हाताचा चांगला हाय."

गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवायला बंदी आली. पाच हजार तर आधीच भरले होते. अण्णा माझ्याकडे आले. "मास्तर, गाडी तुमी चालवा. आवाज मी ऐकतो." रविवार होता, निघालो. वाटेत त्यांनी कुंद्याच्या मिठाईचा डबा घेतला. गॅरेजातल्या लोकांसाठी, म्हणाले.

गॅरेज हायवेलगत होतं. आत एकच माणूस, आणि तो बाहेर आला तेव्हा मी अण्णांकडे पाहिलं. तेच नाक. तीच खांदा पाडून चालायची रीत.

"भरमा," अण्णा माझ्या कानाशी म्हणाले. "धाकटा भाऊ."

"मग बोला की त्यांच्याशी."

"बोलत न्हाय. वाटणीत बांधावरच्या फणसावरनं झालं. बारा वर्सं झाली. एरवी कामाचं पोरगं असतंय मदी."

त्या दोघांचं सगळं बोलणं मग माझ्यामार्फत झालं. दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

"मास्तर, त्यास्नी म्हणावं चा घ्या," भरमा म्हणाला.

"सांगा, साखर नको. आन् म्हणावं, डब्यात कुंदा हाय."

भरमानं चारही प्लग काढले, फडक्यानं पुसून ओळीनं मांडले. छान तांबूस होते. "प्लगला कायबी झालेलं न्हाय," तो म्हणाला.

"म्हणावं, बदल."

भरमा आत गेला आणि एक छोटा खोका घेऊन आला. तो उघडेना, नुसताच हातात फिरवत राहिला. "सांगा त्यास्नी. ह्या गाडीचं साधं प्लग आता कुटंच मिळंना झाल्यात. ह्ये इरिडियमचं हाईत."

"किती चालत्यात?" अण्णांनी मला विचारलं.

भरमा खाली बघत म्हणाला, "लाखभर."

अण्णांची गाडी वर्षाला दहा हजार पळते. अण्णा एकाहत्तरचे आहेत. तिथं कुणालाच आकडेमोड शिकवायची गरज नव्हती. अण्णा एकदम थकल्यासारखे स्टुलावर बसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "सारखं यायचं काम न्हाय मग."

भरमानं फडकं उचललं आणि हात पुसले. हात स्वच्छच होते. "तसं न्हाय," तो म्हणाला. "बसवलं म्हंजे झालं, असं नसतंय. दर पाच हजाराला काढून बघाय लागत्यात. न्हायतर इंजिनच जातंय. सांगा की मास्तर त्यास्नी."

मी वीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवतोय. इतकं ठाम खोटं मी वर्गातसुद्धा कधी बोललो नव्हतो. "अण्णा, दर पाच हजाराला तपासावेच लागतात."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भरमाकडे पाहिलं. "आणाय लागंल मग."

"व्हय अण्णा," भरमा म्हणाला आणि पाना घेऊन इंजिनात वाकला. प्लग बसवायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ त्यानं मान वर केली नाही.

परतताना संकेश्वर मागं पडेपर्यंत अण्णा इंजिनाचा आवाज ऐकत होते. मग म्हणाले, "इरिडियमला काय बघाय लागत न्हाय. मला ठाव हाय."

मी गिअर बदलला.

"भरमा ल्हान हुता तवाबी असंच. बैल मी सोडायचो. दुसऱ्याच्या रानात जाऊन पीक खायाचं. बानं इचारलं की ह्यो म्हणायचा, मी सोडलो."

"मग?"

"मग मार खायाचा. सा वर्साचं पोर. मी गोठ्यामागं हुबा ऱ्हाऊन ऐकत असायचो."