शिवलिंगअण्णांची पेशी

दूध पातळ असल्याची तक्रार आली, तेव्हा शिवलिंगअण्णांनी गवळ्याचं ऐकलं, गिऱ्हाइकाचं ऐकलं आणि म्हशीकडे जायला निघाले. म्हणाले, "तिची बाजू ऱ्हायली की!" गोठ्यात ते बराच वेळ तिच्यासमोर उभे होते. ती काही बोलेना, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा मास्तर, हजर होती."

हे लिहिणारा मास्तर म्हणजे मी. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाचं राज्य जाऊन चिटगुप्प्यात नवा कारभार आला. आरोग्य खात्याच्या हुकुमावर कुणाला दाद मागायची असेल तर ती ऐकायला एक कमिटी नेमली गेली. कापडाचे व्यापारी शिवलिंगअण्णा तिचे प्रमुख झाले आणि त्यांचा शेजारी असल्याच्या गुन्ह्याबद्दल मी कारकून झालो. हुकूम कायम करायचा किंवा रद्द करायचा, एवढाच कमिटीचा अधिकार. पण अण्णांच्या अंगात पूर्ण हायकोर्ट शिरलं. आमच्याकडे जेवताना भाजी खारट लागली, तर माझ्या बायकोला म्हणायचे, "अक्का, यावर तुमचं काय म्हणणं हाय?" पुढे तिने त्यांना जेवायला बोलावणंच सोडलं.

एक दिवस कोष्टी गल्लीतल्या मल्लप्पाला देवी आल्या. आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरने त्याला गावाबाहेरच्या, साथीच्या रोग्यांच्या छपरात हलवायचा हुकूम काढला. त्याची बायको नागम्मा दारात आडवी बसली आणि कमिटी आल्याशिवाय हलायचं नाही म्हणाली. गल्ली पोराबाळांनी भरलेली. माझा जीव टांगणीला लागला.

"अण्णा, यात ऐकायचं काय आहे? हुकूम कायम करा आणि मोकळे व्हा!"

"तुमी कामून घाई करायलाव? बाईला बोलू तर द्या."

गल्लीतच, दारापासून लांब उभं राहून पेशी, म्हणजे सुनावणी, सुरू झाली. नागम्माने आधी हातमागाचं सांगितलं, मग सासूचं, मग शेळीचं. इन्स्पेक्टर चुळबुळत होता. अण्णा शेळीचंही मन लावून ऐकत होते. मला नागम्मा आणि अण्णा, दोघांच्याही डोक्यात दऊत घालावीशी वाटली.

शेवटी ती रडतच म्हणाली, "न्या त्यास्नी, पर एकल्याला नगा नेऊ. मला ल्हानपणीच देवी येऊन गेल्यात, आता परत न्हाई यायच्या. त्वांड बघा की माझं!"

इन्स्पेक्टरने तिच्या तोंडाकडे पहिल्यांदाच पाहिलं. वण स्पष्ट दिसत होते.

"लिहा मास्तर," अण्णा म्हणाले, "रोगी जाईल. बायकू संगं जाईल."

"असा अधिकार कमिटीला नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. "कायम करा, नाहीतर रद्द करा."

"मग हुकूम कायम. एकल्याला न्यायचं तेवढं रद्द."

इन्स्पेक्टरने कपाळाला हात लावला, पण गाडी बोलावली. मल्लप्पाला आत निजवलं आणि नागम्मा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

परत येताना माझा राग अजून उतरला नव्हता. म्हटलं, "एवढ्यासाठी अख्खी सकाळ गेली, अण्णा! सगळ्यांना बोलू द्यायचा हा कसला सोस तुम्हाला?"

अण्णा चालता चालता थांबले.

"प्लेगच्या साली माझ्या बायकूला, गुरम्माला, असंच नेलं त्या छपरात. तीबी एकलीच गेली, तिथनं आलीच न्हाई. मी हुकमाच्या आड येणार नव्हतो मास्तर. मला निसतं बोलायचं होतं. शिपायानं दंडाला धरून मागं सारलं."

मी विचारलं, "काय बोलायचं होतं?"

"मलाबी न्या म्हणून."