आरशाच्या मधोमध

शके १८७४ च्या फाल्गुन अमावास्येस, दिवेलागण उलटल्यावर, नौपाड्यातील आपल्या गच्चीवर त्र्यंबकराव मास्तरांनी दुर्बिणीच्या नळीत डोकावून पाहिले आणि ते कळवळून ओरडले, "अगं, आरशाला कुंकू कोणी लावलं?"

"मी," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "एकोणीस वेळा बघितलंत, दिसली का तुमची ती दीर्घिका? पूजाच राहिली होती. आज आरसा धुऊन पाटावर ठेवलात, तेव्हा बोट टेकवलं. अगदी मधोमध."

मास्तर मटकन खाली बसले. तीन वर्षे काच घासून त्यांनी तो आरसा सिद्ध केला होता. ती भिंगाच्या आकाराची, अगणित ताऱ्यांची नगरी आज दिसली नाही, तर दुर्बीण कायमची माळ्यावर टाकायची, असा त्यांचा निश्चय होता.

"पुसू काय, मास्तर?" नळी बनवून देणारा सिल्वेस्टर सुतार खिशातला रुमाल काढीत म्हणाला.

"हात लावू नकोस! रुपेरी मुलामा निघून येईल!"

सिल्वेस्टरने मग नुसताच डोळा लावला. "बाई, टिकली मधोमध लावली म्हणता? इथून तर एका कडेला दिसते."

"माझं कुंकू वाकडं जायचं नाही हो!"

"मग आरसाच वाकडा बसलाय, मास्तर."

मास्तर ताडकन उठले. आजवर त्यांनी दोष केवळ आकाशाला दिला होता! त्यांनी आरशामागचे तीन स्क्रू हलके हलके फिरवले. टिकली सरकत सरकत मध्यावर आली. तिथे तशीही नळीच्या वरच्या तोंडाशी बसवलेल्या छोट्या आरशाची सावली पडत असल्याने कुंकवाने काहीच बिघडले नव्हते. मग त्यांनी नळी आग्नेयेकडे वळवली.

काळोखात एक निमुळता, धूसर प्रकाशकण स्थिर उभा होता. मनुष्यजात जन्मण्यापूर्वी तो प्रकाश त्या नगरीतून निघाला होता.

"ये," ते सगुणाबाईंना जागा देत म्हणाले.

सगुणाबाईंनी पदर सावरून डोळा लावला. "एवढीशीच?" त्या पुटपुटल्या, पण बाजूला काही सरेनात.

"आता मला बघू दे ना!"

"थांबा हो. इतकी वर्षं वाट चालून आलीय ती, तुम्हाला घटकाभर दम नाही?" आणि एकाएकी त्या घाबऱ्या झाल्या. "अहो, ती निघाली! कडेला चालली!"

"ती जागेवरच आहे," मास्तर हळूच म्हणाले. "पृथ्वी फिरते आहे. चाललोय ते आपण."

दुर्बिणीवरचा डोळा न काढता सगुणाबाईंनी एका हाताने गच्चीचा कठडा घट्ट धरला, आणि दुसऱ्याने मास्तरांचा सदरा.