हुणसूरचा सौदा

रविवारी सकाळी साडेनऊला इंदिराबाईंची दुसरी आंघोळ झाली, तेव्हा त्यांनी नवऱ्याला स्पष्टच सांगितलं, "साकु, पुरे आता. राहिलेल्या पाण्याचं काय करायचं ते तुम्ही करा. मी तिसऱ्यांदा न्हाणार नाही."

"अजून दोन सौदे बघायचे राहिलेत," मालोजीराव पातेल्यावरची नजर न काढता म्हणाले.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या त्या घराच्या मागच्या अंगणात विटांच्या चार चुली मांडलेल्या होत्या. प्रत्येक चुलीवर सारख्या मापाचं पातेलं, पातेल्यात चार लिटर पाणी आणि खाली मोजून दोन किलो लाकूड. मधोमध पाटावर मालोजीराव बसले होते. एका हातात वही, दुसऱ्या हातात मोबाइलमधलं घड्याळ. मेटगळ्ळीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं माल तपासून निवृत्त झालेला माणूस तो. घरी आल्यावर तपासायला बायकोशिवाय काही उरलं नव्हतं, आणि बायको तपासून घेणाऱ्यांतली नव्हती.

निमित्त होतं मुलीच्या लग्नाचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी व्याह्यांना मटणाचं जेवण घालायचं असतं. म्हैसुरात त्याला बीगर ऊटा म्हणतात, आणि लग्नात काही कमी पडलं तर एकवेळ चालतं, या जेवणात चालत नाही. आचारी गुंडेराव गॅसवर करू म्हणत होता. मालोजीरावांनी सौद्यांचा हट्ट धरला, तेव्हा तो म्हणाला, "सरी, तसं करू. पण सौदे तुम्ही निवडा. मटण कच्चं राहिलं तर माझं नाव घ्यायचं नाही." तेव्हापासून आठवडाभर ही परीक्षा चालली होती.

सौदे म्हणजे जळण. शब्द कन्नडचा, पण पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलं की वाटी जशी या घरातून त्या घरात जाते आणि परत यायची राहते, तसा तो इकडे राहिला. मालोजीरावांना मात्र तो अस्सल मराठीच वाटे. आमचं मराठी तलवारीबरोबर इकडं आलेलं, असं ते अभिमानानं सांगत. तलवार कुठे गेली हे कुणी विचारत नसे.

खरं सांगायचं तर त्यांचं चित्त जळणात नव्हतं. त्यांची लेक यशस्विनी नंजनगूडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होती. रोज सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी हसत परत यायची. सुपारी फुटली त्या दिवशी कोल्हापूरचे व्याही फत्तेसिंगराव सहज बोलावं तसं बोलून गेले, "एक वर्स करूं दे नोकरी. मग पोराला अडतीवर बसवणार मी. सूनबाईनं बी घरला यायचं." मुलगा गगन म्हैसुरातच एका कंपनीत होता. तो बुटांकडे बघत राहिला. मालोजीरावांनी मुलीचा बाप म्हणून मान डोलावली. त्या मानेचा त्यांना तेव्हापासून राग येत होता. जे तोंडानं बोलता आलं नाही, ते आता लाकडावर काढत होते.

तेवढ्यात आंब्याच्या लाकडानं धूर सोडला, गल्ली खोकली आणि फोन वाजला. कोल्हापूरहून फत्तेसिंगराव.

"काय चाल्लंय, व्याही?"

"काय नाही. सौदे बघायलोय," मालोजीराव खोकत म्हणाले. "चार-पाच आलेत."

आता हे फत्तेसिंगराव गुळाचे अडते. चाळीस वर्षं त्यांची सकाळ गुळाच्या बाजारात उजाडलेली. तिथे सौदे म्हणजे लिलाव. ढेपांभोवती माणसं जमतात, एक बोलतो, दुसरा चढून बोलतो, आणि शेवटी जो चढेल तो माल घेऊन जातो. या शब्दाला त्यांच्या लेखी दुसरा अर्थच नव्हता.

"कसलं सौदं?" त्यांनी जपून विचारलं.

"यशूच्या लग्नाचेच की. दुसरं कशाला?"

"पण आपलं ठरलंय न्हवं?"

"ठरलंय म्हणूनच तर घाई. एक नंजनगूडकडचा आहे. दिसायला गोरा, उंच, सरळ. पण लगेच भडकतो आणि अर्ध्या तासात गार. एक अगदीच धुरकट, त्याला मी रिजेक्ट केला. हुणसूरचा मात्र बघण्यासारखा. काळा, जाड, गाठाळ अंगाचा. तापायला वेळ लावतो, पण एकदा तापला की दिवसभर दम सोडत नाही."

"पोरीला दाखवला?"

"तिनंच हातात धरून, ठोकून बघितला. म्हणाली, अप्पा, हाच घ्या."

"हातात धरून," फत्तेसिंगराव स्वतःशीच म्हणाले. मग धीर करून त्यांनी विचारलं, "आन कोल्हापूरचा?"

व्याही आपल्या गावाहून जळण पाठवायचं म्हणताहेत असं समजून मालोजीरावांना भरून आलं. "नको, नको. एवढ्या लांबचा कशाला? इकडं काय कमी आहेत? आणि राग मानू नका, तुमच्याकडं पाऊस फार. कोल्हापूरचा ओला निघाला तर भर मांडवात माझी फजिती. उद्या सकाळी एकाला हो म्हणून टाकतो. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका."

फोन ठेवल्यावर फत्तेसिंगरावांनी बायकोला हाक मारली आणि 'ओला' म्हणतात म्हणजे पोरगा कधीपासून पितो असं विचारलं. पोरगा चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो, असं त्या म्हणाल्या. मग सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मी सांगत हुते, नोकरीचं टुमणं लावू नगा. शिकलेली पोरगी हाय. आता हातची घालवलीसा."

वडिलांचा फोन येताच गगनचं धाबं दणाणलं. त्यानं यशस्विनीला फोन लावला. ऑडिटच्या तयारीसाठी ती रविवारीही नंजनगूडला गेली होती आणि यंत्रांच्या आवाजात उभी होती.

"तुमच्याकडे सौदे चाललेत हे खरं?" त्यानं दुखावल्या आवाजात विचारलं.

"हां, आठवडा झाला. अप्पांचं खूळ. घरभर तेच."

"आणि तुला हुणसूरचा आवडला?"

"बेस्ट आहे तो. एकदम सॉलिड. का?"

"मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"त्यात तुला काय सांगायचं? ते अप्पा बघतात. तुम्ही सगळ्यांनी फक्त यायचं, पोटभर जेवायचं आणि जायचं. टेन्शन घेऊ नको. बरं, ठेवते, साहेब आले."

गगननं हे जसंच्या तसं वडिलांना कळवलं. फत्तेसिंगरावांनी विचार केला. रागावून लग्न मोडणं सोपं होतं. पण पोराचा आवाज रडवेला झाला होता, आणि त्यांना स्वतःलाही ती पोरगी मनापासून आवडली होती. शिवाय सौद्यात ज्याला माल हवा असतो तो रुसून घरी बसत नाही. त्यांनी संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलं.

सोमवारी सकाळी सातला त्यांची रिक्षा दाराशी थांबली. इंदिराबाई गडबडल्या. "अय्यो, तुम्ही? न सांगता? या, या. हे मागं आहेत. सहापासून हुणसूरच्यासमोर बसलेत, उठायलाच तयार नाहीत."

फत्तेसिंगरावांनी टोपी सारखी केली. चहा नको म्हणाले आणि थेट मागच्या दाराशी गेले.

अंगण धुरानं भरलं होतं. आदल्या दिवशी नापास झालेला आंबा मालोजीरावांनी न्यायबुद्धीनं पुन्हा एकदा परीक्षेला बसवला होता. धुरात फत्तेसिंगरावांना व्याह्यांची पाठ दिसली आणि व्याह्यांच्या शेजारी खांद्यावर पंचा टाकून बसलेला एक काळा, रुंद माणूस. तो वळला नाही. माणूस वळत नाही म्हणजे त्याची खात्री झालेली असते, हे अडत्याला सांगावं लागत नाही.

फत्तेसिंगराव उंबऱ्यावरूनच बोलले. "राम राम. मी फार बोलत न्हाई. एक वर्स म्हटलं हुतं, दोन वर्सं करू दे पोरीनं नोकरी."

"अजून थोडं," मालोजीराव म्हणाले. ते पातेल्यातल्या पाण्याला म्हणत होते. तळाशी बुडबुडे धरू लागले होते, पण उकळी फुटत नव्हती.

हुणसूरचा हललासुद्धा नाही. फत्तेसिंगरावांना घाम फुटला. "बरं, पाच वर्सं."

"अजून. अजून थोडं."

"दहा. पोरगा बी हितंच ऱ्हाईल. अडत माझी मी बघतो, हातपाय धड हायती माझे."

"येतंय, येतंय," मालोजीराव पुटपुटले आणि घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

फत्तेसिंगरावांनी एकदा त्या पंच्याकडे पाहिलं. इतक्या शांतपणे चढणारं गिऱ्हाईक त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. डोळे मिटून ते म्हणाले, "सोडायचीच न्हाई नोकरी. कवाच न्हाई. तिची इच्छा हाय तवर करू दे."

"आलं. बास," मालोजीराव समाधानानं म्हणाले आणि वहीत आकडा लिहिला. मग वळून बघतात तो उंबऱ्यावर व्याही, रुमालानं मान पुसताहेत.

दोघांचा रामराम झाला. मालोजीरावांनी आनंदानं शेजारच्या काळ्या आकारावरचा पंचा उचलला आणि त्याच्यावर थाप मारली. "बघा, हा हुणसूरचा. चिंचेचा बुंधा आहे. आज दुसऱ्यांदाही बावीस मिनिटांत उकळी, धूर जवळजवळ नाही, आणि कालचा निखारा दुपारपर्यंत लाल. निलगिरी चौदा मिनिटांतच उकळी आणतो, पण पुढं राख. मटणाला तो काय कामाचा?"

फत्तेसिंगरावांनी बुंध्याकडे पाहिलं. विटांकडे पाहिलं. लाल खडूनं फुली मारलेल्या आंब्याकडे पाहिलं. "सौदं म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "ह्ये?"

"सौदे म्हणजे सौदे. चुलीत घालतात ते. तुमच्यात काय म्हणतात?"

"जळण," फत्तेसिंगराव म्हणाले आणि दुसरी जागा नसल्यामुळे हुणसूरच्यावरच बसले.

"अस्सं. जळण," मालोजीरावांनी नवा शब्द वहीत टिपून घेतला. "बरं, तुम्ही मघाशी मागं उभे राहून काहीतरी म्हणत होता. माझं लक्ष पातेल्यात होतं, काही कळलं नाही."

फत्तेसिंगरावांनी मान वर केली. त्यांच्या मनात त्या क्षणी काय आलं हे सांगायला नको. कोणी ऐकलं नव्हतं. एक वर्ष पुन्हा एक वर्ष होऊ शकत होतं. ते तोंड उघडणार एवढ्यात दारातून आवाज आला.

"नोकरी कधीच सोडायची नाही म्हणाले मामा. मी ऐकलं. अम्मानंही ऐकलं."

यशस्विनी डबा आणि पिशवी घेऊन उभी होती, नंजनगूडच्या गाडीला निघालेली. तिच्यामागे इंदिराबाई, हातात चहाचा पेला तसाच. मालोजीराव पाटावरून उठले. ते एकदा मुलीकडे, एकदा व्याह्यांकडे बघत राहिले. लग्न ठरल्यापासून ते एवढे आनंदलेले कुणी पाहिले नव्हते.

"खरं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," फत्तेसिंगराव म्हणाले. "त्येवढंच सांगाय आलो हुतो. फोनवर बरं न्हाई दिसत."

मालोजीरावांनी व्याह्यांचे दोन्ही हात धरले आणि ते म्हणाले, "आंघोळ करून घ्या. पाणी तयार आहे. सोळा लिटर."

बाहेर गगनच्या गाडीचा हॉर्न वाजला. तो यशस्विनीला स्टेशनवर सोडायला आला होता. फत्तेसिंगराव तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. पोरानं वडिलांना पाहिलं आणि पुन्हा बुटांकडे बघायला सुरुवात केली, पण या वेळी त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. अडत्याच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुम्हास्नी ह्यो घोळ कवा कळला?" त्यांनी विचारलं.

गगननं यशस्विनीकडे पाहिलं. "काल संध्याकाळी. साडेसहाला," ती म्हणाली. "गगन स्टेशनवर आला होता भांडायला. दोन मिनिटांत कळलं."

"माझी बस साडेसातची हुती. एक फोन करायचा न्हवं?"

"करणार होते, मामा," यशस्विनी फार गरीब चेहरा करून म्हणाली. "पण माझं मराठी कमी आहे ना. मला वाटलं, तुम्हाला खरंच सौदेच बघायचेत."

फत्तेसिंगरावांनी तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांना भल्या भल्या व्यापाऱ्यांनी फसवायचा प्रयत्न केला होता. त्यांच्या मिशा हलायला लागल्या आणि मग ते फाटकाला धरून हसू लागले, इतकं की आतून मालोजीराव काय झालं म्हणून बघायला आले.

"म्होरल्या महिन्यात लगीन झालं की कोल्हापूरला ये," ते डोळे पुसत म्हणाले. "चार दिवस माझ्यासंगं बाजारात बस. गुळाचं सौदं कसं निघत्यात ते दावतो तुला."

ती गाडीवर बसली. गगननं किक मारली. फत्तेसिंगराव आत वळले, दोन पावलं गेले, आणि पुन्हा फाटकाशी आले.

"रजा काढून ये पर," ते म्हणाले.