पिल्लू ठरवतं

शेजारचे मोघे डॉक्टर बाळंतिणीचं अभिनंदन करत नाहीत. पाळण्यात वाकतात, बाळाला नमस्कार करतात आणि म्हणतात, "वेळ छान साधलीत." बाळंतीण बिचारी हातात पेढा धरून बघत राहते.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे. जनावरांच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झाले. गढा मोहल्ल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, मागच्या अंगणात दोन शेळ्या. मी चौथी शिकलेली, पण मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक बारकी ग्रंथी असते, हे मला पाठ आहे. सगळ्या गल्लीला पाठ आहे. दिवस भरत आले की पोटातल्या करडाच्या त्या ग्रंथीतून रस सुटतो. त्या रसानं करडाची फुप्फुसं हवा घ्यायला तयार होतात आणि त्याच रसामुळे पुढे शेळीला कळा सुरू होतात. "म्हणजे आई काही करत नाही. पिल्लू ठरवतं," हे त्यांचं पालुपद. दूधवाल्याला तेच हिंदीत. तो म्हणतो, "जी साहब. आधा लीटर और दूँ?"

गल्लीतल्या एका सुनेच्या डोहाळजेवणाला ते बायकोबरोबर बरणी घेऊन आले. आम्हाला वाटलं, लोणचं. बर्फीच्या ताटाशेजारी ठेवली तेव्हा दिसलं, आत कोकराचं मूत्रपिंड तरंगत होतं, टोपीसकट. सून तिथंच ओकली. पुढं बारशाचं बोलावणं फक्त त्यांच्या बायकोला गेलं. डॉक्टर तरीही आले. बरणी घरी ठेवली आहे, कुणाला बघायची असेल तर सांगा, म्हणाले.

बायको कुसुम. कमी बोलणारी. त्यांना एक मूल झालं होतं, चाळीसेक वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात. दोन दिवस जगलं. श्वास पुरला नाही. गल्ली म्हणाली, हिनंच जपलं नाही. गल्लीत पहिली कोण म्हणाली, तर मी.

गेल्या वर्षी माझी नातसून श्वेता तशीच सातव्यात बाळंत झाली. पोरगी आता भिंत धरून चालते, पण तेव्हा काचेच्या पेटीत होती, नाकात नळी. मी आमच्या ओट्यावर श्वेताच्या आईला ऐकवत होते. पोटुशी बाई स्कूटीवर बसून सदर बाजारात चाट खायला काहून जाते? जा म्हणावं, अजून खा.

डॉक्टर घरातून तरातरा आले. मागे कुसुम.

"वहिनी, काय बोलून राहिल्या तुम्ही? त्या पोरीचा काही दोष नाही. पिल्लू ठरवतं."

मी काही गप्प बसणारी नाही. "पिल्लानं ठरवलं, तर फुप्फुसं तयार करून का नाही आलं? दोन्ही कामं त्या एकाच रसाची म्हणता ना?"

गल्लीत त्यांना हे कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळे हो हो करून पेढे खात. कुसुम घरात निघून गेली. श्वेताची आईही डोळे पुसत आत गेली.

डॉक्टर माझ्या ओट्यावर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "शेळीत तसं असतं, वहिनी. माणसात इतकं सरळ नाही. लवकर का होतं, ते पुष्कळदा कुणालाच सांगता येत नाही. मला पहिल्यापासून माहीत आहे."

"मग?"

"कुणालाच माहीत नाही, एवढ्यानं कुसुमचं समाधान होत नव्हतं. स्वतःलाच बोल लावत बसायची. म्हणून शेळीचं सांगत गेलो. तेवढं राहू द्या."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कुसुम आसपास नसताना त्यांनी त्या ग्रंथीचं नाव कधी काढलं नव्हतं. दूधवाल्यापुढेही पातेलं धरून तीच उभी असायची.

राहू देते, म्हटलं. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. तेव्हा, चाळीस वर्षांपूर्वी, आमच्याकडे पापड करायचे होते. सातवा महिना लागलेल्या कुसुमला उडदाचं पीठ कुटायला मीच बोलावलं होतं. दिवसभर कुटत होती. दुसऱ्या दिवशी तिला कळा आल्या. कुणी माझ्याकडे बघायच्या आधी मी तिच्याकडे बोट दाखवलं. कुसुमनं नवऱ्याला पापडांचं कधीच सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ते माझ्या ओट्यावर बसले नसते.

त्याच दुपारी डबा घेऊन दवाखान्यात गेले. श्वेता खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईनं फोनवर सगळं सांगितलं असणार.

"तुझ्यामुळे झालेलं नाही," मी म्हटलं.

"सकाळी तर तुम्हीच म्हणाल्या, आजी."

"पूर्वी एकीला पण म्हटलं होतं," मी म्हटलं. "तेव्हाही मला काही माहीत नव्हतं."